‘एफ’ नसलेला प्रोसेसर: अकोल्यातल्या एका एडिटिंग-गेमिंग मशीनचं प्रकरण

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या जरा आधी, अकोल्याहून मावसभावाचा फोन आला. तो लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू होतो, आणि मग जूनपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

“ताई, नवीन कॅमेरा घेतला न् कॉम्प्युटरनं मान टाकली,” तो म्हणाला. “टाइमलाइन अडकून राहिली. प्ले दाबलं की दोन सेकंद चालते, मग थांबते. इथल्या दुकानातून कोटेशन आणलं आहे, तू एकदा पाहून सांग.”

मी ठाण्यात राहते. एडिटिंग स्टुडिओंना मशीनं बांधून देणं हे माझं रोजचं काम. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: कोअर आय५-१४४००एफ, आरटीएक्स ४०७० सुपर, १६ जीबीची एकच रॅम, ५१२ जीबीचा एसएसडी, कंपनीचं नाव न लिहिलेला ‘७५० वॅट एसएमपीएस’ (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि पुढून लाइटवाला कॅबिनेट. सगळे मिळून १ लाख १२ हजार, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या ग्राफिक्स कार्डाचे. त्या मशीनवर गेम पळाले असते यात शंका नाही. दुकानात बोलायला भावासोबत त्याचा धाकटा भाऊ गेला होता. तो तेव्हा बारावीत होता, संध्याकाळी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचा, आणि मशीन दोघांचं मिळून एकच असणार होतं. दुकानदारानं समोर बसलेल्याचं ऐकलं, एवढंच झालं.

मी म्हटलं, खरेदीचं नंतर बघू. आधी मला तुझं जुनं मशीन दाखव.

अडत कुठे होतं

रात्री त्यानं स्क्रीन शेअर केला. जुनं मशीन आय५-९४००एफ, जीटीएक्स १६५० आणि १६ जीबी रॅमचं. मी त्याला टास्क मॅनेजर उघडून दोन आलेख शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, एक प्रोसेसरचा आणि दुसरा ग्राफिक्स कार्डातला ‘व्हिडिओ डिकोड’ असं लिहिलेला. डिकोड म्हणजे आवळून साठवलेला व्हिडिओ उलगडणं. मग जुन्या कॅमेऱ्याची, सोनी ए६४०० ची एक क्लिप प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली. डिकोडची रेघ वर चढली, प्रोसेसर निवांत. त्यानंतर नव्या कॅमेऱ्याची, सोनी ए७ फोरची क्लिप घेतली. प्रोसेसर तत्काळ शंभर टक्क्यांना जाऊन भिडला आणि डिकोडची रेघ तळाशी आडवी पडून राहिली. हललीसुद्धा नाही.

सगळं निदान त्या आडव्या रेघेत होतं. ग्राफिक्स कार्ड त्या फुटेजला हातच लावत नव्हतं.

कारण असं. जुना कॅमेरा ८ बिट, ४:२:० फुटेज देत होता, तेही एच.२६४ या व्हिडिओ आवळायच्या जुन्या पद्धतीत. जवळपास कुठलंही कार्ड ते सहज उलगडतं. नवा कॅमेरा भाऊ ५० फ्रेमवर, एक्सएव्हीसी एचएस या फॉरमॅटमध्ये चालवत होता, म्हणजे एच.२६५, १० बिट, ४:२:२. आठ बिटात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, दहा बिटात १०२४. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एक नोंद असते, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक. लग्नाच्या कामात याला किंमत आहे. हळदीच्या कार्यक्रमात पिवळ्यावर पिवळं असतं: अंगाची हळद, साडी, झेंडूच्या माळा, वरचा मांडवही पिवळा. लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिक्या रंगांत, शूट करून नंतर रंग चढवायला गेलं की आठ बिटात त्या पिवळ्याचे पट्टे पडतात. दहा बिटात छटा टिकते. कॅमेऱ्यावर त्यानं पैसे घातले ते उगीच नव्हते.

पण हे फुटेज उलगडायची सोय हार्डवेअरमध्ये असावी लागते, आणि इथेच त्या कोटेशनची गोम होती. एनव्हिडियाच्या ४० मालिकेतलं कुठलंही कार्ड, अगदी ४०९० सुद्धा, ४:२:२ डिकोड करत नाही. एएमडीची तेव्हाची कार्डंही नाहीत. ती सोय होती इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये. डेस्कटॉपवर ११व्या पिढीपासून ती मिळते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर हे अंगचं ग्राफिक्सच बंद केलेलं असतं. कोटेशनमध्ये १४४००एफ होता. भावानं ते मशीन घेतलं असतं, तर साठेक हजारांचं कार्ड लावूनही ती रेघ तशीच तळाशी पडून राहिली असती. दहा कोर असल्यामुळे अडणं कमी झालं असतं, गेलं नसतं. आणि दोन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला की पुन्हा तेच.

न घेता भागतं का?

एवढा खर्च सांगण्याआधी मशीन न बदलता काही होतं का, ते पाहणं माझं कामच आहे. दोन वाटा होत्या. एक, सगळ्या फुटेजच्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी, बनवायच्या आणि त्यांवर एडिट करायचं. ही वाट उत्तम आहे आणि मी अनेकांना तीच सांगते. पण सेकंदाला २०० मेगाबिटनं तासाला ९० जीबी होतात. दोन कॅमेरे धरून एका लग्नाचं पाच तासांचं फुटेज साडेचारशे जीबीच्या घरात जातं. त्याच्या जुन्या मशीनला ते चघळायला रात्र पुरत नव्हती, आणि सीझनमध्ये दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असतं.

दुसरी वाट कॅमेऱ्यातून ऑल-इंट्रा शूट करण्याची. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून राहावं लागत नाही, त्यामुळे प्रोसेसरला ते सोपं जातं. पण ५० फ्रेमला तिथे ५०० मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला २२५ जीबी. कार्डं आणि डिस्का विकत घेता घेताच नव्या मशीनचे पैसे संपले असते.

तेव्हा मशीन बदलायचंच ठरलं. भाऊ म्हणाला, दीड लाखापर्यंत जाऊ.

प्रोसेसर

धाकट्यानं आधीच अभ्यास केला होता. “ताई, रायझन ७ ७८००एक्स३डी घेऊ ना. सगळे तोच सांगून राहिले.” त्याचं चुकत नव्हतं. आठ कोर, ९६ एमबी एल३ कॅश, वीजही कमी खातो. गेमसाठी त्या महिन्यात मलाही दुसरं नाव सुचलं नसतं. शिवाय एएमडीच्या या रायझनचा एएम५ सॉकेटचा बोर्ड पुढच्या पिढ्यांनाही चालतो, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा रस्ता मात्र १४व्या पिढीपाशी संपतो. पण या मशीनचं पहिलं काम लग्नाचं फुटेज, आणि रायझनमधलं छोटं ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही. घरात पैसा आणणारं काम आधी, हे त्याला मी स्पष्ट सांगितलं.

मी निवडला कोअर आय५-१४६००के. सहा मोठे आणि आठ छोटे असे १४ कोर, २० थ्रेड, आणि आत यूएचडी ७७० ग्राफिक्स. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो आम्हाला २६ हजारांना पडला. त्याचाच अंगच्या ग्राफिक्सविना येणारा ‘केएफ’ दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळत होता आणि काउंटरवरच्या मुलानं तो दोनदा पुढे केला. “कार्ड लावणारच आहात ना, मग आतलं ग्राफिक्स कशाला?” गेमच्या मशीनसाठी हा सल्ला बरोबरच आहे. म्हणूनच सांगते, काउंटरवर जाण्याआधी कॅमेरा कुठल्या फॉरमॅटमध्ये शूट करतो ते लिहून न्या.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरांबद्दल त्या वर्षी जे गाजलं, ते लपवून मी हा निर्णय घेतला नाही. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होत होते. इंटेलनं ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारलेले संच, दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. नवा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून सुधारलेल्या बायोसवर (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालवायचा, विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट, ही अट मी स्वतःला घालून घेतली. त्याच महिन्यात इंटेलचे नवे कोअर अल्ट्रा बाजारात उतरत होते, पण त्यांना बोर्डही नवा आणि महाग लागत होता.

कार्ड, आणि धाकट्याशी झालेलं बोलणं

इथे मी त्याच्याशी वेगळं बोलले, कारण त्याचं ४०७० सुपर मी काढून घेत होते. त्याचा मॉनिटर १०८० पी, १४४ हर्ट्झचा. व्हॅलोरंटला तेवढ्यासाठी भारी कार्ड लागतच नाही, तिथे प्रोसेसरचा कस लागतो. जीटीए ५ हा २०१५ मध्ये पीसीवर आलेला गेम. मी आरटीएक्स ४०६० टीआय घेतलं, १६ जीबीवालं. या कार्डाला गेमर मंडळी नावं ठेवतात, १२८ बिटांची मेमरी बस या किमतीला तोकडी आहे म्हणून, आणि गेमपुरतं बोलायचं तर ते खरं आहे. पण ४के टाइमलाइनवर अंधाऱ्या हॉलच्या क्लिपांना नॉइज रिडक्शन लावलं, वर रंगाचे थर चढवले, की ८ जीबी मेमरी भरते आणि रेंडर मध्येच कोसळतो. मला वेगापेक्षा जागा हवी होती. ४५ हजारांना मिळालं. वाचलेले पंधरा हजार डिस्कांकडे वळले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “कार्ड नंतर बदलता येईल ना ताई?”

त्या प्रश्नानं एसएमपीएस ठरला. सगळं मिळून मशीन ४५० वॅटच्या आत राहणार होतं, ६५० वॅटचा गोल्ड दर्जाचा पुरला असता. मी ७५० चा घेतला, चांगल्या कंपनीचा, दोन हजार जास्त देऊन. त्याच्या पुढच्या कार्डाची जागा आत्ताच राखून ठेवली.

बाकीचं थोडक्यात. बी७६० चा डीडीआर५ बोर्ड. रॅम १६-१६ च्या दोन स्टिक, कारण एकाच स्टिकनं रॅमच्या दोन वाटांपैकी एक रिकामी राहते आणि अंगचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं. विंडोजला १ टीबीचा एसएसडी, चालू कामाला वेगळा २ टीबीचा, आणि झालेली लग्नं ठेवायला ८ टीबीची हार्ड डिस्क, सीएमआर प्रकारची बघून. दुसऱ्या, एसएमआर प्रकारच्या डिस्कवर शेकडो जीबी एकदम उतरवताना वेग पार बसतो. जुनं मशीन मोडीत काढलं नाही. त्यात दुसरी प्रत राहते. लग्न पुन्हा लावून शूट करता येत नाही, म्हणून कॅमेऱ्याची कार्डंही अल्बम-पेनड्राइव्ह घरपोच होईपर्यंत पुसायची नाहीत, असं ठरलं.

यूपीएससकट बिल १ लाख ६२ हजार झालं. वरच्या बारा हजारांचं भावानं मनावर घेतलं नाही. सगळं पक्क्या जीएसटी बिलावर, बिलात प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. बिनाबिलाचा भाव ऐकायला गोड वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी तुमच्या हातात काहीच उरत नाही.

अकोला

विदर्भ एक्सप्रेसनं मी सामान घेऊन गेले. मशीन इथे बांधून नेलं असतं तर कार्डाच्या वजनानं प्रवासात स्लॉटच निखळण्याची भीती, म्हणून सगळे खोके सुटे नेले आणि त्यांच्या स्टुडिओतच जोडणी केली.

कॅबिनेट मी जाळीदार पुढच्या भागाचा आणि धूळगाळणी असलेला घेतला होता. विदर्भात कूलर म्हटलं की वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या किसाच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा त्याच्याशिवाय माणूस बसू शकत नाही. पण तो ओली हवा सोडतो, आणि अकोला कापसाचा गाव, हवेत तंतू असतात. ओल आणि तंतू मिळून पंख्यांवर नमद्यासारखा थर बसतो. म्हणून मशीनची जागा कूलरच्या झोतापासून दूर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. प्रोसेसरवर दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर लावला, पाण्याचा नाही. खोलीचं तापमान वीस अंशांनी जास्त असेल तर आतलं प्रत्येक तापमान तेवढंच वर सरकतं, हे धरून प्रोसेसरची मर्यादा १८१ वॅटवरून १२५ वर बांधली. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो. तो आम्ही कबूल केला.

मशीन चालू झालं, बायोस अपडेट केलं, विंडोज टाकलं. मी पाय जमिनीवर टेकवून बसले होते, चप्पल बाहेर. केबल सरळ करायला हात कॅबिनेटच्या कडेला लागला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला मुंग्या आल्या. बारीक, कंप पावणाऱ्या. टेस्टर लावला तर पत्र्यावर मंद पेटला.

भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात तीन भोकं होती, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडी गळती नेहमी पत्र्याकडे जाते आणि अर्थिंगवाटे निघून जाते. वाट नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट फार थोडा असल्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. पण एसएमपीएस आतून बिघडला तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो, आणि तिथे रोज एक मुलगा अनवाणी बसून गेम खेळणार होता. मी मशीन बंद करून प्लग काढला. दुसऱ्या दिवशी वायरमननं अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून जीआय पाइप पुरला आणि तिथून स्टुडिओपर्यंत वेगळी हिरवी वायर ओढली. तोवर मशीनला कोणीही हात लावला नाही. घरात गेमिंग मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, कार्ड कुठलं घ्यायचं त्याच्या आधी अर्थिंग तपासून घ्या.

यूपीएस प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घेतला त्याचंही कारण सांगते. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट खेचणारं सर्किट, असतं. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर काही वेळा त्याला मानवत नाही, आणि वीज जाताच यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद तशीही ३६० वॅटच्या आसपास असते.

पुन्हा ती रेघ

तिसऱ्या दिवशी प्रीमिअर उघडलं, ए७ फोरची क्लिप टाकली, आणि ती पुन्हा अडली.

भाऊ काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. टास्क मॅनेजरमध्ये एकच ग्राफिक्स दिसत होतं, एनव्हिडियाचं. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ (आयजीपीयू म्हणजे तेच अंगचं ग्राफिक्स) चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमिअरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या डिकोडिंगवर टिक आहे ना ते पाहिलं. मॉनिटरची केबल एनव्हिडियाच्याच कार्डात राहू दिली.

प्ले दाबलं. इंटेलच्या पॅनलमधली डिकोडची रेघ उठली आणि वरच राहिली. प्रोसेसर निम्म्याच्याही खाली. नवरीची वरात पन्नास फ्रेमनं, कुठेही न अडखळता, टाइमलाइनवरून निघाली. भावानं स्पेसबार दाबून ती थांबवली, मागे नेली, पुन्हा चालवली. पाच-सहा वेळा तरी.

संध्याकाळी धाकटा खेळायला बसला. त्याच्या १४४ हर्ट्झच्या वर फ्रेम जात होत्या, त्याची तक्रार उरली नाही.

डिसेंबरात एक फोन आला. एका लग्नाचं अर्धं फुटेज लोण्यासारखं चालत होतं आणि अर्धं अडत होतं. मशीन तेच, सेटिंग तेच. मी दोन्ही क्लिपांची माहिती मागवली. दुसरा कॅमेरा भाड्याच्या मुलाकडे होता, तोही ए७ फोरच, पण त्यानं २५ फ्रेमवर एक्सएव्हीसी एस लावलं होतं. तेही १० बिट, ४:२:२, पण एच.२६४ मधलं. या प्रोसेसरमधलं क्विक सिंक एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं, एच.२६४ चं नाही. त्या लग्नापुरत्या प्रॉक्सी बनवल्या. नव्या मशीनवर ते काम रात्रीत उरकलं.

२०२५ मध्ये एनव्हिडियाची ५० मालिका आली आणि तिच्यात ४:२:२ दोन्ही प्रकारांत उलगडतं. आज कोणी विचारलं तर मी ५० मालिकेचं कार्ड आणि जोडीला रायझन, असंही सुचवू शकते. धाकट्यानं हे माझ्या आधी वाचलं होतं आणि मला दुवा पाठवला. या बांधणीत एक गोष्ट मात्र मी बदलली असती. रॅम तेव्हाच ३२-३२ ची घ्यायला हवी होती. मल्टिकॅमला ३२ जीबी कमी पडू लागली तोवर २०२५ चं वर्ष सरत आलं होतं आणि रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले होते. चार स्टिक लावल्या की डीडीआर५ चा वेगही उतरतो, म्हणून उरलेल्या दोन स्लॉटांचाही उपयोग नव्हता. अजून ३२ वरच भागतंय.

दुसरा उन्हाळा सरला तेव्हा त्यानं धूळगाळणीचा फोटो पाठवला, धुऊन वाळत घातलेली. खाली लिहिलं होतं: “भाड्याच्या पोराचा कॅमेरा आता मी स्वतः लावून देतो ताई. ५० वर, एचएसवर.”